तीनशे दोन नंबरचं शुद्धिपत्रक

१

उल्का सोनवणेचा दिवस सरकारी साइट्स उघडण्याने सुरू व्हायचा. देवाचं नाव घेऊन दिवस सुरू करणारी माणसं तिने पाहिली होती, पण पाटबंधारे खात्याचं नाव घेऊन सुरू करणारी तीच एकटी असावी.

धायरीत तिसऱ्या मजल्यावर तीनशे दोन नंबरचा फ्लॅट, आणि त्यातल्या जेवणाच्या टेबलाचं एक टोक म्हणजे तिचं ऑफिस. छोट्या कंत्राटदारांना टेंडर शोधून द्यायची, हे तिचं काम. नवीन काय निघालं, कुठली तारीख सरकली, कुठली अट बदलली, ते रोज बघायचं आणि ज्याचं त्याला कळवायचं. त्यासाठी तेवीस साइट्स ठरलेल्या. त्यातल्या निम्म्या उघडेपर्यंत चहा पिऊन कप धुऊन व्हायचा, आणि उरलेल्या लहर लागली तर उघडायच्या. अडीच तास मोडायचे.

सगळ्यात जपायचं ते शुद्धिपत्रकाला. टेंडर निघतं, मग चार दिवसांनी खात्याला जाग येते आणि एक कागद निघतो: अमुक ऐवजी तमुक असे वाचावे. एकदा तो निघाला की आधी जे होतं ते कधी नव्हतंच असं धरून चालायचं. खातं कधी चुकत नसतं हो, आपणच आधी चुकीचं वाचलेलं असतं! त्या कागदावर 'वाचले व मान्य' असा शिक्का मारायचा, सही करायची आणि टेंडरला जोडायचा. आणि दुसरा नियम असा, की फॉर्मचा एकही रकाना मोकळा सोडायचा नाही. लिहायला काही नसलं तर 'निरंक' लिहायचं. अठरा वर्षांत हे दोन नियम उल्काच्या हाडात मुरले होते.

"आई, तू अजून एकेक टॅब उघडत बसतेस? सीरियसली?" पूर्वाने पोळीची गुंडाळी चावत मागून विचारलं. पूर्वा म्हणजे उल्काची एकुलती एक मुलगी, वय एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष.

"मग काय करू? साहेबांना घरी बोलावू?"

"अगं, एक्स्टेन्शन असतं त्याला. सरक." पूर्वाने उभ्याउभ्याच डाव्या हाताने माउस ओढून घेतला. ती सगळं डाव्या हाताने करायची, जेवायचीसुद्धा. दोन मिनिटांत तिने शोधून काढलं. नाव होतं 'फेरी'. एक बटण दाबलं की आवडीच्या सगळ्या साइट्सवर ते स्वतः फेरी मारून येणार, जिथे काही बदललं असेल तिथे लाल आकडा लावणार, आणि बदललेला मजकूर पिवळा करून दाखवणार.

इन्स्टॉल करताना एक चौकट आली. 'सर्व पानांवरील सर्व मजकूर वाचणे व बदलणे, यास परवानगी द्यावी.'

"वाचणे ठीक आहे, बदलणे कशाला गं?"

"सगळ्यांचं तसंच असतं. दे परवानगी. कुणी वाचत नाही ते."

मग दुसरी चौकट. 'येणारे बदल आपोआप वाचले व मान्य धरावेत का?' उल्काला हसूच आलं. हा एक्स्टेन्शन बनवणारा नक्की तिच्यासारखाच कुणीतरी टेंडरवाला असणार. तिने 'होय' दाबलं.

स्वयंपाकघराच्या दारातून अण्णा बघत होते. अण्णा म्हणजे तात्याराव, तिचे सासरे, वय त्र्याऐंशी. खडकवासल्याला धरणाची पातळी वहीत नोंदवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. धरण सुटलं तरी सवय सुटली नाही. नातीच्या प्रत्येक वाढदिवसाला ते तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभं करायचे, पेन्सिलीने रेघ मारायचे आणि गंभीरपणे जाहीर करायचे, "आजची पातळी पाच फूट तीन इंच. विसर्ग नाही."

"साडेचारला येते. पोहे कर," म्हणत पूर्वा निघाली. तिच्या किल्लीला एक घुंगरू होतं. त्याचा आवाज जिन्यावरून खाली जात राहिला, आणि उल्काने पहिल्यांदा फेरीचं बटण दाबलं.

२

फेरीने उल्काचे दिवस सोपे केले. अडीच तासांचं काम पंधरा मिनिटांवर आलं. आठवडाभरात तिने कपाटं आवरली आणि दोन नवीन कंत्राटदार धरले.

घरात माणसं तीनच. ती, संजय आणि अण्णा. संजय स्वारगेटला बस डेपोत नोकरीला, सकाळी सातला बाहेर पडायचा. मूलबाळ झालं नाही. त्याची हळहळ करायचे दिवसही मागे पडले होते. मधली खोली इस्त्रीला आणि जास्तीच्या गाद्यांना.

एवढंच, की पोहे जास्त व्हायचे. रोज दुपारी चारला उल्का पोहे भिजवायची आणि रोज एका माणसाचे उरायचे.

"कुणाची वाट बघतेस का?" सुट्टीच्या दिवशी संजयने विचारलं. "का मला जाडा करायचं ठरवलंयस?"

"हात सैल झालाय माझा."

अण्णा खुर्चीत बसून होते. ते म्हणाले, "पूर्वा आली का गं?"

संजयने उल्काकडे पाहिलं. गेले आठ-दहा दिवस हे नवीनच सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, या वयात असं होतं, नावं येतात कुठून कुठून, वाद घालू नका.

"नाही हो अण्णा, अजून नाही," संजय म्हणाला. त्याला तेवढं जमायचं.

तेवढ्यात दाराशी आवाज झाला. आधी घुंगरू. मग किल्ली लॅचमध्ये जाण्याचा आवाज. किल्ली फिरेना. पुन्हा काढली, पुन्हा घातली.

"अहो, मजला चुकला तुमचा!" संजय बसल्या जागेवरून ओरडला. "तीनशे दोन आहे हे! किल्लीवर दया करा जरा!"

आवाज थांबला. मग पावलं निघाली. वर चारशे दोनमध्ये नवीन भाडेकरू आले होते, त्यांच्यापैकीच कुणीतरी असणार. उल्काने पोहे झाकून ठेवले. पावलं खाली गेली होती, वर नाही, हे तिच्या लक्षात आलं. पण खाली काही राहिलं असेल, ते आणायला गेलं असेल माणूस. आपल्याला काय करायचंय!

अण्णा मात्र दाराकडे बघत राहिले.

३

बाराव्या दिवशी सकाळी ज्ञानदेवचा फोन आला. ज्ञानदेव जुन्या धायरी गावातला, पाइपलाइनची कामं घ्यायचा.

"म्याडम, काय हो हे? तारीख अलीकडं घेतली हाय की! शुद्धिपत्रक निघालंय चार दिवसांमागं. तुमी कळवलंच न्हाई. माझं टेंडर गेलं ना!"

अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. तिने फेरी उघडून पाहिली, आणि चूक तिचीच निघाली. येणारा प्रत्येक बदल फेरी आपोआप 'वाचले व मान्य' धरत होती. ज्ञानदेवचं शुद्धिपत्रक आलंही होतं, मान्यही झालं होतं, फक्त तिने ते पाहिलं नव्हतं.

"चुकलं माझं, ज्ञानदेवभाऊ."

"माणसाची चूक व्हती म्हना. पर असल्या यंत्रावर इसवासून ऱ्हावं का?"

तिने ताबडतोब ती सोय बंद केली. फेरी पुन्हा सुरू केली. खाली कोपऱ्यात आकडे पळायला लागले. एकवीस, बावीस, तेवीस. आणि चोवीस.

चोवीस? साइट्स तर तेवीस. तिला वाटलं, महापालिकेची दोनदा टाकली असेल. चोविसाव्यावर लाल एक होता. तिने उघडलं.

पांढरं पान. खात्याचं नाव नाही, बोधचिन्ह नाही. सरकारी अक्षरांत पिवळा केलेला मजकूर:

'शुद्धिपत्रक क्र. १२. विषय: सदनिका क्र. ३०२. सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, स्वयंपाकघरातील कप सहा ऐवजी पाच असे वाचावे.'

उल्का मोठ्याने हसली. संजयच! डेपोतल्या कुणा पोराकडून बनवून घेतलं असणार. पुणेरी माणसाला थट्टा करायची तर इतकी सरकारी भाषा लागते! खाली बटण होतं, 'वाचले व मान्य'. हात सवयीने तिकडे गेला.

मग चहा करायला उठली आणि तिने कप मोजले. पाच होते.

आता, कप फुटतातच. पाच असतील आधीपासून. पण सहाचा सेट तिने मागच्या दिवाळीत स्वतः घेतला होता आणि फुटल्याचं काही आठवत नव्हतं. तिने पुन्हा मोजले, सिंकमध्ये पाहिलं, अण्णांच्या खोलीत पाहिलं. आपण एका कपासाठी घर धुंडाळतोय, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

४

संजयने शपथेवर सांगितलं की त्याने काही केलेलं नाही. "मला बसचं वेळापत्रक उघडता येत नाही मोबाईलवर, मी साइट बनवणार?"

दुसऱ्या सकाळी चोविसाव्यावर पुन्हा लाल एक.

'शुद्धिपत्रक क्र. १३. हॉलमधील घड्याळ टीव्हीच्या वर ऐवजी स्वयंपाकघराच्या दाराच्या वर असे वाचावे. हरकत असल्यास आज सायं. ५ पर्यंत नोंदवावी. मुदतीत हरकत न आल्यास मान्य समजण्यात येईल.'

उल्काने मान वर करून पाहिलं. घड्याळ टीव्हीच्या वर होतं, सव्वानऊ वाजले होते. ती काही खुळी नव्हती. तिने मोबाईल काढला, घड्याळाचा फोटो घेतला, आणि या वेळी बटण दाबलं नाही. बघू या म्हणाली.

दिवसभर ती हॉलमध्येच बसली. दर थोड्या वेळाने मान वर करून बघायची. साडेचारला दाराशी घुंगरू वाजलं, किल्ली अडली, पावलं खाली गेली. ती उठली नाही. पाच वाजायला आले तशी अण्णांनी पाणी मागितलं. ती पाणी देऊन परत आली.

घड्याळ दाराच्या वर होतं. टीव्हीच्या वरची भिंत स्वच्छ, खिळ्याचं भोकसुद्धा नाही.

तिने मोबाईल काढला. फोटोत सव्वानऊ वाजले होते आणि घड्याळ दाराच्या वर होतं.

"तिथंच तर आहे पहिल्यापासून," रात्री जेवताना संजय म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने घास खाली ठेवला. "उल्का, तुला बरं नाही का? उद्या रजा टाकू?"

तिला भीती वाटली. घड्याळाची नव्हे, त्याच्या आवाजातल्या काळजीची. अण्णांशी तो याच आवाजात बोलायचा.

५

तिसऱ्या दिवशी दुपारी, संजय कामावर असताना, ती चोविसाव्या पानावर गेली. नवीन काही नव्हतं. पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'मागील शुद्धिपत्रके'. इतकी वर्षं या कामात काढून ही ओळ आपण आधी कशी पाहिली नाही? तिने ती दाबली.

यादी उघडली. प्रत्येकासमोर 'वाचले व मान्य, उल्का सोनवणे'.

'क्र. १. राहणारे चार ऐवजी तीन असे वाचावे.

क्र. २. दाराच्या किल्ल्या चार ऐवजी तीन असे वाचावे.

क्र. ३. दारावरील पाटीची शेवटची ओळ नाही असे वाचावे.

क्र. ४. मधल्या खोलीतील पलंग, टेबल व पुस्तके याऐवजी इस्त्रीचे टेबल व गाद्या असे वाचावे.

क्र. ५. संजय सोनवणे यांच्या मोबाईलमधील छायाचित्रे दोन हजार तीनशे चौदा ऐवजी निरंक असे वाचावे.'

सहावं तिने धड वाचलंच नाही. डोळे सातव्यावर गेले.

'क्र. ७. उल्का सोनवणे यांच्या ओटीपोटावरील टाक्यांचा व्रण नाही असे वाचावे.'

ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली, आणि साडी बाजूला करून आरशात पाहिलं. पोट स्वच्छ होतं. पण तिचा हात आपण होऊन एका जागी गेला आणि तिथे आडवा फिरला. इतकी वर्षं रोज फिरावा तसा तो फिरला. तिला हुंदका आला. कशासाठी आला ते तिला कळेना, आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

तोंड धुऊन ती अण्णांच्या खोलीत आली.

"अण्णा, पूर्वा कोण?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "थट्टा करतेस का माझी?"

"नाही हो. सांगा ना."

"नात माझी. तुझी लेक." ते काठी टेकत उठले. "सगळे मिळून मला वेडा ठरवताय. ये इकडे."

त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीशी नेलं. आतल्या बाजूला, जिथे दार उघडं असताना दिसत नाही, तिथे पेन्सिलीच्या रेघा होत्या. गुडघ्याच्या उंचीपासून एकावर एक, प्रत्येकीपुढे अण्णांच्या अक्षरात तारीख. सगळ्यात वरची उल्काच्या कपाळाला लागत होती.

"पाच फूट तीन," अण्णा म्हणाले. "डाव्या हाताने जेवते म्हणून तू रागवायचीस. मी म्हणायचो, राहू दे."

फ्लॅट त्यांनी बिल्डरकडून कोरा घेतला होता. त्यांच्याआधी इथे कुणी राहिलं नव्हतं.

उल्काने वरच्या रेघेवर हात ठेवला. तिला काहीच आठवलं नाही. चेहरा नाही, आवाज नाही. पण हात तिथे बरोबर बसला, आणि ती चौकटीला डोकं टेकून ढसाढसा रडली.

६

टेबलावर लॅपटॉपने टिंग केलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

'शुद्धिपत्रक क्र. १४. राहणारे तीन ऐवजी दोन असे वाचावे. हरकत असल्यास आज सायं. ५ पर्यंत पुराव्यासह नोंदवावी.'

तिने आधी संजयला फोन लावला. मागे बसचे हॉर्न होते. "अगं, ड्यूटीवर आहे मी, काय झालं?" काही नाही म्हणाली. अण्णा समोर खुर्चीत होते. दोघांतला कुणीतरी एक. किंवा ती स्वतः. आणि तेव्हा तिच्या मनात आलं, की अण्णा तर त्र्याऐंशीचे आहेत. असा विचार आपल्या मनात यावा, याची तिला इतकी शरम वाटली की तिने खुर्ची ओढली आणि हरकतीचा फॉर्म उघडला.

हे काम तिला येत होतं. जगात दुसरं काही येत नसेल, पण फॉर्म भरणं येत होतं.

पुरावा म्हणून तिने रेशनकार्ड काढलं. कुटुंबप्रमुख तात्याराव. दोन नंबर संजय, मुलगा. तीन नंबर उल्का, सून. खाली चौथी ओळ होती. नाव कोरं, वय कोरं. पण शेवटच्या रकान्यात, प्रमुखाशी नाते, तिथे निळ्या शाईत कुणा कारकुनाने लिहिलेलं राहून गेलं होतं: नात.

त्यांच्याकडूनही एक रकाना सुटला होता! तिला एकदम बळ आलं. आता नुसते तीन नाही वाचवायचे, चौथीलाही मागून घ्यायचं. तिने हातावर बॉलपेनने 'पूर्वा' लिहिलं, विसरायला नको म्हणून. रेशनकार्ड स्कॅन करून जोडलं. साक्षीदार या रकान्यात लिहिलं: तात्याराव सोनवणे, यांना चौथी व्यक्ती पूर्णपणे आठवते. हरकतदाराचे म्हणणे या रकान्यात लिहिलं: ती माझी मुलगी आहे.

शेवटचा रकाना होता, 'विषयाशी संबंधित अन्य खुणा असल्यास नमूद कराव्यात'.

तिने स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या रेघांकडे पाहिलं. तेवढ्यात दाराशी घुंगरू वाजलं, आज रोजच्यापेक्षा उशिराने.

ती धावली. दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाहेर कुणीतरी मान खाली घालून बॅगेत हात घालून उभं होतं. केसांतला भांग दिसला. खांदा दिसला. डाव्या हातात किल्ली होती, ती लॅचकडे आली, आणि अडली.

उल्काने दार उघडलं. समोर कुणी नव्हतं. घुंगरू खाली जात होतं. ती कठड्यावरून वाकली. दोन मजले खाली, कठड्यावर एक हात सरकत होता.

"पूर्वा!"

हात थांबला.

चेहरा दिसत नव्हता. नुसता हात, पाच बोटं, आणि बोटात अडकवलेलं घुंगरू. उल्काने पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं. आतून अण्णा खोकले. तिने मागे वळून पाहिलं. उघड्या दारातून स्वयंपाकघराच्या दारावरचं घड्याळ दिसलं. पाचला चार कमी होते, आणि फॉर्म पाठवायचा राहिला होता.

दोन मजले खाली जाऊन वर यायला किती लागतं? तीन मिनिटं? चार? आणि खाली पोचेपर्यंत ती थांबली नाही तर?

"थांब गं बाळ!" ती जिन्यात ओरडली. "तिथंच थांब! हलू नकोस, मी आलेच!"

ती आत पळाली. शेवटचा रकाना रिकामा होता. विचार करायला वेळ नव्हता, बोटांनी आपण होऊन 'निरंक' लिहिलं आणि पाठवा दाबलं. चार अठ्ठावन्न. ती परत जिन्यात आली, एकेका पायरीऐवजी दोन दोन उतरत खाली गेली, पार्किंगपर्यंत गेली, गेटपर्यंत गेली.

वॉचमन स्टुलावर बसला होता. "कोण पाहिजे, मॅडम?"

"आत्ता कोण गेलं बाहेर?"

"कुणीच नाही."

७

वर येईपर्यंत उत्तर आलं होतं. इतक्या तत्परतेने कुठल्याही खात्याने तिला कधी उत्तर दिलं नव्हतं.

'हरकत मान्य. सदनिका क्र. ३०२ येथे राहणारे तीन, कायम.'

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. संजय होता. अण्णा होते. ती होती. मग तिने पुढचं वाचलं.

'हरकतीसोबत सादर केलेल्या कागदपत्रातील व साक्षीदाराच्या स्मरणातील तफावती निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार. त्या, तसेच हरकतदाराच्या स्वतःच्या म्हणण्यातील तफावत, शुद्धिपत्रक क्र. १५ अन्वये दुरुस्त करण्यात येत आहेत. सदर शुद्धिपत्रकावर हरकत घेता येणार नाही.'

कुठे काय राहून गेलं होतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. रेशनकार्डची ओळ ठाऊक नव्हती, म्हाताऱ्याचं डोकं ठाऊक नव्हतं. ते सगळं तिने स्वतः, एकेक रकाना भरून, त्यांच्या हातात दिलं होतं.

"अण्णा!" ती खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. "अण्णा, सांगा पटकन. तिच्याबद्दल सांगा. कशी दिसते? हसते कशी?"

"डावीकडच्या गालाला..." अण्णांनी हात उचलला आणि स्वतःच्या गालाशी नेला. हात तिथेच राहिला. मग त्यांनी हात खाली घेतला आणि थोडे ओशाळून म्हणाले, "काय सांगत होतो गं मी?"

उल्काला ते सांगता येईना.

८

सकाळी उल्काला छान जाग आली. कित्येक दिवसांत इतकी गाढ झोप लागली नव्हती. तळहातावर बॉलपेनचे कसले तरी निळे फराटे होते, ते तिने साबणाने घासून काढले. फेरी दाबली. तेवीस साइट्स, तीन लाल आकडे. ज्ञानदेवच्या कामाचं नवीन टेंडर निघालं होतं, ते तिने त्याला लगेच कळवलं. तो खूश झाला.

घरात माणसं तीनच. अण्णांनी चहा मागितला, पेपर मागितला, आणि दुसरं काही विचारलं नाही. संजयची सुट्टी होती. तो म्हणाला, "अण्णा आज अगदी शांत आहेत, नाही? डॉक्टरांच्या गोळीला यश आलं म्हणायचं."

दुपारी चारला तिने पोहे भिजवले. तिघांपुरतेच भिजवले, बरोबर मापात. कांदा चिरून झाला. कोथिंबीर काढायला फ्रिजकडे जाताना स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी ती थांबली. आतल्या बाजूला कसल्या तरी पेन्सिलीच्या रेघा होत्या. सुताराने मारल्या असतील. तिचा हात आपण होऊन वर गेला आणि सगळ्यात वरच्या रेघेवर बसला. तिथून तो तिला काढवेना.

"काय मोजतेस?" संजयने हॉलमधून विचारलं.

"काही नाही." तिचे डोळे पाणावले होते. कांदा डोळ्यांना झोंबत असणार.

अण्णाही मान वळवून त्या हाताकडे बघत होते.

साडेचार वाजले. दाराशी घुंगरू वाजलं. किल्ली लॅचमध्ये गेली, अडली. बाहेर काढून पुन्हा घातली. पुन्हा अडली. मग किल्लीचा आवाज बंद झाला, आणि कुणीतरी दारावर तळहाताने हलकेच, दोनदा, थोपटलं.

उल्काला राग आला. रोजचंच झालं होतं हे! कधी शिकणार ही माणसं? तिने चौकटीवरचा हात काढला, पदराने डोळे पुसले आणि तिथूनच मोठ्याने ओरडली:

"अहो, मजला चुकला तुमचा! इथं नाही कुणी तुमचं!"

मग पावलं हळूहळू खाली गेली, आणि उल्काने पोह्यांना फोडणी घातली.